घरी इलेक्ट्रिक गिटारचा रियाज, अ‍ॅम्पसह आणि अ‍ॅम्पशिवाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली ती आवाज मोठा करण्यासाठी. १९३०च्या दशकात ट्रम्पेट आणि ड्रमच्या गदारोळात बिचारी गिटार ऐकूच येत नसे, म्हणून तिच्या तारांखाली चुंबक बसवले गेले. आज ती घरात वाजवणाऱ्यांची अडचण बरोबर उलटी आहे: आवाज आवरायचा कसा? घरातली माणसं झोपलेली, भिंतीपलीकडे शेजारी आणि हातात असं वाद्य की ज्याचा अर्धा जीव अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत. नव्याने शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. काही प्रश्न एका वाक्यात संपतात, काहींना वेळ लागतो.

अ‍ॅम्प न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर काही बिघडतं का?

गिटारचं काहीही बिघडत नाही. भरीव लाकडाच्या गिटारला अकूस्टिकसारखी पोकळ पेटी नसते, त्यामुळे आवाज जेमतेम येतो, इतकंच. बिघडलीच तर तुमची सवय बिघडते, आणि तीसुद्धा महिनोन्महिने फक्त तशीच वाजवत राहिलात तर.

सवय बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

आधी बिघडतो उजवा हात. कानाला आवाज पुरत नाही, मग नकळत पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातीचा, फटका जोरात बसू लागतो. जोरात छेडलेली तार क्षणभर जास्त ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. बारीक तारांवर हे चांगलंच जाणवतं. हा हात घेऊन अ‍ॅम्पसमोर बसलात की प्रत्येक सूर टोचतो, आणि हळू वाजवायला सांगितलं तर हाताला ते जमत नाही.

त्याहून मोठी भानगड म्हणजे न वाजवलेल्या तारा. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची तांब्याची बारीक तार. त्यावरची पोलादी तार हलली की वेढ्यांमध्ये वीज उत्पन्न होते. ती तार तुम्ही मुद्दाम हलवली की चुकून हलली, याच्याशी पिकअपला देणंघेणं नाही. बोट उचलताना झालेला टणत्कार, सरकताना झालेली खरखर, शेजारच्या तारेची गुणगुण, सगळं तो इमानाने पुढे पाठवतो.

मी सुरुवातीला एक लांबलचक रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) तीन महिने अ‍ॅम्पशिवाय घोटला होता. स्वतःवर खूश होतो. मग एका मित्राच्या अ‍ॅम्पला गिटार जोडली, गेन (आवाज कर्कश, फाटका करणारा नॉब) चढवला, आणि पहिल्याच ओळीला मागे उरलेल्या चार तारा तंबोऱ्यासारख्या झंकारत राहिल्या. रिफ अगदी बरोबर होता, फक्त तो ऐकू येत नव्हता. इलेक्ट्रिक गिटारवर जे वाजवायचं ते शिकायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच जे वाजू द्यायचं नाही ते शिकायला लागतो. हे दुसरं काम अ‍ॅम्पशिवाय फारसं होत नाही.

सूर थांबवणं हाही त्याचाच भाग. अ‍ॅम्पशिवाय सूर आपोआप विरतो, म्हणून तो संपवायचा कसा हे हात शिकतच नाही.

मग अ‍ॅम्पशिवाय वाजवूच नये का?

छे, जरूर वाजवावं. अ‍ॅम्प नाही म्हणून गिटार महिनाभर भिंतीला टांगून ठेवणं हा कितीतरी मोठा तोटा आहे. काम तेवढं निवडून घ्या. कॉर्ड बदलणं, स्केलचे आकार बोटांत बसवणं, फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवरच्या, फ्रेट नावाच्या पट्ट्यांच्या फळीवर) कुठला सूर कुठे आहे ते पाठ करणं, मेट्रोनोम हळू लावून वर-खाली पिकिंग सारखं करणं, नवीन चाल लक्षात ठेवणं, या सगळ्याला अ‍ॅम्प लागत नाही.

बेंडसुद्धा, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवणं, करता येतात, कारण सूर खरा लागला की नाही हे बारीक आवाजातही कळतं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरचा डी पूर्ण एक स्वर वर ओढा आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ईशी ताडून पाहा. दोन्ही एकच सूर यायला हवेत. गाण्यात किंवा सतारीवर मींड शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इतरांनी आधी पोहोचायचा सूर वाजवून ऐकावा, मग तार ओढावी.

म्यूटिंगचीही, म्हणजे नको त्या तारा दाबून गप्प ठेवण्याचीही, थोडी तपासणी होते. एखादी ओळ वाजवून हात जागच्या जागी थांबवा आणि हनुवटी किंवा गाल गिटारच्या वरच्या कडेला टेकवा. हाडातून आवाज थेट कानात येतो आणि कुठली तार अजून हलते आहे ते लगेच सापडतं. दिसायला विचित्र वाटेल, पण बघायला आहे कोण!

अ‍ॅम्पशिवाय आवाज थोडा तरी वाढवता येईल का?

हेडस्टॉकचं, म्हणजे खुंट्या असलेल्या डोक्याचं, टोक लाकडी दाराला किंवा कपाटाला हलकं टेकवून वाजवा. दाराची फळी थरथरते आणि अकूस्टिकच्या पेटीचं काम करते. आवाज किती वाढतो हे पाहून पहिल्यांदा दचकायला होतं. मध्ये पातळ फडकं ठेवा, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही, आणि जोर लावू नका. दार शेजारच्या खोलीत उघडत असेल तर तिकडेही मैफल होईल, हे लक्षात असू द्या.

सूर लावायला मात्र आवाज लागतच नाही. हेडस्टॉकला चिमट्यासारखा बसणारा क्लिप ट्यूनर कंपनं पकडतो, अ‍ॅम्प असो वा नसो.

हेडफोन थेट गिटारमध्ये खोचला तर?

काही उपयोग नाही. पिकअपचा सिग्नल फार क्षीण असतो, त्याने हेडफोनचा पडदा हलत नाही. झालंच तर एका कानात मुंगीच्या पावलांएवढं काहीतरी ऐकू येईल. मध्ये काहीतरी अ‍ॅम्प हवाच. तो आगपेटीएवढा असला तरी चालतो. गिटारच्या जॅकमध्येच बसणारे आणि हेडफोनला आवाज देणारे छोटे अ‍ॅम्प मिळतात, व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. कल्पना तशी जुनी आहे. बोस्टन या बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ हे शिक्षणाने इंजिनिअर. त्यांच्या कंपनीने १९८२ साली पट्ट्याला अडकवता येईल असा ‘रॉकमॅन’ हा हेडफोन अ‍ॅम्प आणला होता.

घरी रात्री वाजवणाऱ्याने एकच वस्तू घ्यायची झाली तर माझं मत अशा छोट्या हेडफोन अ‍ॅम्पला. मोठ्या अ‍ॅम्पइतका रुबाब त्यात नाही, पण तो रोज वापरला जातो.

अ‍ॅम्पला हेडफोनची जागा आहे. कुठला हेडफोन लावू?

वायरचा आणि शक्यतो पूर्ण कान झाकणारा. गाणी ऐकायचे बारीक इयरफोनही चालतात, पण जाड तारांचा भरदारपणा त्यात हरवतो. अ‍ॅम्पची जागा बऱ्याचदा ६.३५ मिलिमीटरची असते आणि हेडफोनची पिन ३.५ची, तेव्हा जोडपिन लागेल. ती स्टिरिओच घ्या, नाहीतर आवाज एकाच कानात येतो आणि माणूस हेडफोन बिघडला म्हणून शोध घेत बसतो. व्हॉल्यूम शून्यावर आणूनच हेडफोन कानाला लावायचा, हा नियम एकदा मोडला की पुन्हा मोडावासा वाटत नाही. माझा एकदा मोडलेला आहे.

ब्लूटूथ हेडफोन चालेल का?

नाही. या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त हुज्जत घालतात, म्हणून आकडे देतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवणाऱ्यालाही ९ मिलिसेकंदांचा उशीर होतच असतो आणि त्याला तो जाणवत नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये हाच उशीर १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो, कधी त्याहूनही पुढे. म्हणजे अ‍ॅम्प तुमच्यापासून ३५ ते ७० मीटर लांब ठेवल्यासारखं. हात आत्ता पडतो, आवाज मागाहून येतो. हात त्या आवाजाची वाट पाहू लागतो आणि लय ओढत मागे जाते. चित्रपट बघताना हे कळत नाही, कारण तिथे चित्रही तेवढंच थांबवून दाखवता येतं. तुमच्या हाताला थांबवणार कोण?

ब्लूटूथ एका कामाला मात्र उत्तम: मोबाइलवरचा साथीचा ट्रॅक अ‍ॅम्पच्या स्पीकरमधून वाजवायला. तो ट्रॅक पाव सेकंद उशिरा सुरू झाला तरी तुम्ही जे ऐकता त्याच्याबरोबरच वाजवता. गिटारसाठी खास बनवलेल्या वायरलेस जोड्या वेगळ्या, त्यांच्यात उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो.

कॉम्प्युटरलाच अ‍ॅम्प बनवता येतो म्हणतात. त्याला काय लागतं?

एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारची केबल एका बाजूला आणि यूएसबी दुसऱ्या बाजूला अशी छोटी डबी. कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडपिन लावून गिटार खुपसायचा मोह होतो, पण आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. गिटारला पुढे सुमारे १० लाख ओहमचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, लागतो. तो फार कमी असला की ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, गळून जातो. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ नावाचं बटण असतं ते यासाठीच. ते दाबायला विसरून “या इंटरफेसमध्ये दम नाही” म्हणणारे बरेच भेटतात.

मग उशिराचा प्रश्न इथेही येतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘बफर’ असतो, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जमवून घेतो तेवढा आवाजाचा तुकडा. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सँपल) घेतले जात असतील तर १२८ सँपलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. आत येताना, बाहेर जाताना आणि मधल्या रूपांतरात मिळून एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आसपास राहिला तर हात खुशाल चालतो. बफर १०२४ वर राहिला असेल तर ब्लूटूथची आठवण होईल. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका. आवाज तुटक, कडकड येऊ लागला तर बफर एक पायरी वाढवा.

अ‍ॅम्पची सॉफ्टवेअर भरपूर आहेत. अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर गॅरेजबँडमध्ये अ‍ॅम्प आयतेच असतात, आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट मिळतो. धोका आवाजाचा नाही, वेळेचा. रियाजाला बसलेला माणूस चाळीस अ‍ॅम्प, साठ पेडल (आवाज बदलणाऱ्या पायाच्या डब्या) आणि बारा माइक फिरवून पाहतो, आणि तासाभराने गिटार न वाजवताच उठतो. एक क्लीन (स्वच्छ) आणि एक डिस्टॉर्शनचा (मुद्दाम फाटका केलेला) आवाज ठरवा, जतन करा आणि रियाजाच्या वेळी त्या पानाकडे फिरकू नका.

पेडल थेट हेडफोनला किंवा साउंड सिस्टीमला लावलं तर डिस्टॉर्शन डास गुणगुणल्यासारखं का येतं?

कारण मधला स्पीकर गायब आहे. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा आवाज कापून टाकतो, आणि आपल्याला आवडणारं डिस्टॉर्शन हे त्या कापलेल्या रूपातलंच असतं. साउंड सिस्टीम सगळंच खरं खरं ऐकवते. मल्टिइफेक्ट किंवा सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅबिनेट’, म्हणजे स्पीकरची नक्कल, सुरू करा, चमत्कार झाल्यासारखा फरक पडेल.

घरासाठी किती वॉटचा अ‍ॅम्प पुरतो?

जितका तुम्हाला वाटतो त्याहून खूप कमी. वॉट आणि आवाज सरळ प्रमाणात वाढत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. थोडक्यात, १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल देतो. एक वॉट! त्यावर बंद खोलीत कोणी शांतपणे बसू शकणार नाही.

म्हणून वॉटपेक्षा मास्टर व्हॉल्यूम (टोन न बदलता एकूण आवाज उतरवणारा नॉब) आहे का, हेडफोनची जागा आहे का, आणि नॉब शून्यापासून एकावर जाताना आवाज हळू वाढतो की एकदम उसळतो, हे बघा. टेबलावर ठेवायचे छोटे अ‍ॅम्प घरासाठीच घडवलेले असतात आणि कमी आवाजातही भरलेले वाटतात.

माझ्याकडे ट्यूब अ‍ॅम्प आहे. स्पीकर काढून फक्त हेडफोनवर वाजवू का?

मुळीच नको. ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो अ‍ॅम्पमधला महागातला भाग. स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची वीज झेलणारा लोड बॉक्स लावावा लागतो, त्यातल्या काहींना हेडफोनची सोयही असते. नुसता आवाज कमी करायचा असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर लावतात. दोन्ही घेताना ओहम जुळतात का ते बघा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनची पिन लावली की स्पीकर आपोआप बंद होतो, तिथे ही भीती नाही.

शेजारी तक्रार करतात. खोलीला फोम लावू का?

भिंतीवरचा फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज पलीकडे जायचा थांबवत नाही. अंड्यांचे ट्रे तर तेवढंही धड करत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची फट बंद केली तर फोमच्या दहा चौकोनांपेक्षा जास्त फरक पडेल.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो बहुधा बेसचा. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प लादी थरथरवतो आणि ती थरथर इमारतीतून प्रवास करते. अ‍ॅम्प उचलून स्टुलावर किंवा जाड फोमवर ठेवा, कोपऱ्यातून बाहेर ओढा, बेसचा नॉब उतरवा. शिवाय तोंड तुमच्या कानाकडे वळवा. गुडघ्यांना ऐकवणारा अ‍ॅम्प कान भरेपर्यंत वाढवावा लागतो. कानाच्या उंचीवर आणलात तर निम्म्यावर काम भागतं. आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्यांना वेळ विचारून घेतलेली बरी. रोज ठरावीक अर्धा तास लोक सहन करतात, अचानक झालेली पाच मिनिटं नाही.

कमी आवाजात टोन मेल्यासारखा का वाटतो?

कानाची रचनाच तशी आहे. आवाज कमी झाला की खर्जाचे आणि फार वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त मंद वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून आलेख काढले होते. तेव्हा हळू वाजवताना बेस आणि ट्रेबल जरा चढवले तर ठीक, फक्त शेजाऱ्यांची वरची अट लक्षात ठेवून. हाच टोन पुढे मोठ्या आवाजात जसाच्या तसा चालणार नाही.

रियाज क्लीनवर करावा की डिस्टॉर्शनवर?

दोन्हीवर, कारण दोन्ही वेगळ्या चुका पकडतात. डिस्टॉर्शन हळू आणि जोरात छेडलेले सूर एका पातळीवर आणतं, त्यामुळे हाताचा असमानपणा झाकला जातो. क्लीनवर तो उघडा पडतो. उलट क्लीनवर न जाणवणारी मोकळ्या तारांची गुणगुण डिस्टॉर्शनवर लपत नाही. रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) मात्र रियाजात बंद. त्यात सगळंच गोड लागतं.

दिवसाला एकच तास मिळतो. कसा वाटू?

माझी विभागणी अशी: बोटांचं काम वीसेक मिनिटं अ‍ॅम्पशिवाय, उरलेला वेळ हेडफोनवर, त्यातली दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायला. आठवड्यातून एकदा खऱ्या स्पीकरमधून, उभं राहून वाजवा. हेडफोनमध्ये गिटार डोक्याच्या आत असते, खोलीत ती हवेत असते, आणि स्पीकरच्या आवाजाने तारा उलट थरथरतात. तो अनुभव हेडफोन देत नाही.

हात लावला नाही की घूं असा आवाज येतो. गिटार खराब आहे का?

तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर जोडणी ठीक आहे. तारा अर्थशी जोडलेल्या असतात, म्हणून तसं होतं. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप विजेच्या तारांचं गुणगुणणं पकडतोच. गिबसन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून हंबकर बनवला तो हे टाळायलाच. मॉनिटर, चार्जर, डिमरचे दिवे यांच्यापासून लांब बसा, किंवा खुर्ची थोडी फिरवा. नव्वद अंशांत फरक पडतो.

पण धातूला हात लावल्यावर झटका किंवा झिणझिण्या जाणवल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. तो पिकअपचा नाही, विजेचा प्रश्न आहे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

हेडफोनने कान बिघडतात का?

आवाजावर आणि वेळेवर अवलंबून. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामाच्या ठिकाणची एक प्रचलित मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन. रियाज संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता. आवाज सुरुवातीला ठरवा आणि मध्ये वाढवू नका, कारण कान थकले की तो कमीच वाटत जातो.

आधी अकूस्टिक शिकून मग इलेक्ट्रिक घ्यावी का?

गरज नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, सर्वांत बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंच. अकूस्टिकवर बहुधा ०.०१२ येते आणि बोटं जास्त दुखतात. ज्या आवाजाची ओढ आहे ते वाद्य घ्या.

रियाज झाल्यावर केबल तशीच लावून ठेवली तर?

पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील तर केबल लावलेली असेपर्यंत आतली ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते, आणि ती संपत आली की आवाज फाटका येतो. बॅटरीवरच्या बहुतेक पेडलचंही तसंच. काढून ठेवा. साध्या पिकअपच्या गिटारला काही होत नाही, फक्त अंधारात कोणीतरी केबलला अडखळतं आणि गिटार पडते.